गाईची बादली

मी आहारशास्त्र शिकवते, संभाजीनगरच्या एका कॉलेजात. दर वर्षी एक तास असा येतोच की फळ्यावर बाळंतिणीचं ताट काढावं लागतं. भाकरी, डाळ, पालेभाजी, एखादं फळ, दूध, आणि ताटाशेजारी पाण्याचा तांब्या. माझी चित्रकला यथातथाच. तांब्या दर वेळी हंड्याएवढा होतो आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपर मारून हसतात. हसू देत. तो तांब्या मी लहान काढणार नाही आणि तो एवढा मोठा का असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ही गोष्ट माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळची. माझं सासर उस्मानपुऱ्यात आणि माहेर लासूर स्टेशनला. दवाखाना सासरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. म्हणजे शहाण्या माणसानं बाळंतिणीला तिथून सरळ घरी नेलं असतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम नकाशा बघून केलेला नाही. वडिलांनी गाडी आणली, आईनं माझ्या कानांना मफलर गुंडाळला आणि बाळासकट आमची वरात लासूरला निघाली.

आईबद्दल आधीच सांगून ठेवते. तिच्यासमोर वडिलांचंही फारसं चालत नाही. त्यांचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे, तिथं ते चार माणसांवर आवाज चढवतात आणि घरी आल्यावर चप्पल कुठं काढायची तेही आईच्या तोंडाकडे बघून ठरवतात. ती फार बोलत नाही, पण जे बोलते ते झालं म्हणून समजायचं. मी तिचीच लेक असल्यामुळं माझाही स्वभाव तिखट आहे, आणि दोन तिखटांचा पहिला सामना दवाखान्यातच झाला.

नर्सनं बाळाला लगेच माझ्या छातीशी लावलं, तेव्हा पहिलं दूध आलं. घट्ट, पिवळं, आपण ज्याला चीक म्हणतो ते. आई हळूच म्हणाली की हे जड असतं, पिळून टाकावं, आणि तोवर मधाचं बोट चाटवावं. मी तिला तिथल्या तिथं सांगितलं की या चिकात बाळाला रोगांपासून राखण्याची ताकद असते, ही त्याची पहिली लसच समज, यातला थेंबही वाया जाणार नाही. आणि मध तर वर्षभर नाव काढायचं नाही. आईनं तोंड फिरवलं. "तू शिकलेली. तुझं तू बघ," म्हणाली. मी जिंकले होते आणि त्या विजयाच्या तोऱ्यात मी लासूरला पोचले.

तिथं मात्र खोलीही तिची होती आणि चूलही तिची.

आईचं बाळंतपण करणं म्हणजे काय, हे एकदा तरी लिहून ठेवायला हवं. पहाटेपासून तिचा हात थांबत नसे. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात, वर तुपाची धार. शेपूची भाजी, लसणाची चटणी. दुपारी हळिवाची खीर. डिंकाचे लाडू असे की त्यात डिंक, खारीक, खोबरं यांच्यामध्ये पिठाला शिरायलाही जागा नाही. जेवण झालं की भाजलेल्या बाळंतशेपा. हल्ली आमच्या क्षेत्रातले काही लोक या सगळ्याला जुनाट म्हणून नाक मुरडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. हळिवात आणि बाजरीत लोह आहे, खारीक-खोबऱ्यात ताकद आहे, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्तच खावं लागतं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तक न वाचता ओळखलं होतं. आईचं देण्यात काही चुकत नव्हतं. चुकत होतं ते न देण्यात.

डाळ द्यायची नाही, बाळाच्या पोटात वारा धरतो. शेपू सोडून कुठली पालेभाजी नाही, बाळाला हिरवं होतं. दही, केळं, संत्रं, पेरू यांची नावंही नाहीत, सगळं थंड. आणि पाणी. पाणी वाटीनं मिळायचं, तेही अर्धी वाटी, ओवा घालून उकळलेलं. बाळंतिणीचं अंग ओलं असतं, पाणी प्यायलं की पोट सुटतं आणि दूध पातळ होतं, हे आईचं शास्त्र. बाकीच्या नियमांत कधीकधी फट सापडायची. वडील गुपचूप संत्र्याच्या दोन फोडी आणून द्यायचे. पाण्याच्या बाबतीत आई अशी राखण करायची की माझ्या खोलीत माठ तर सोडाच, फुलदाणीसुद्धा ठेवली नसती.

तुम्ही विचाराल, चिकासाठी भांडणारी बाई पाण्यासाठी का भांडली नाही. बाळाचं असलं की मी वाघीण होते, आणि स्वतःचं असलं की मला वाटलं, जाऊ दे, आईच आहे, सव्वा महिन्याचा प्रश्न आहे, एवढं राबतेय तर तिचं मन कशाला मोडा. माझं पोट आणि बाळाचं पोट ही दोन वेगळी खाती आहेत असंच जणू मी धरून चालले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात ते काय असतं हे मला त्या खोलीत पुरेपूर कळलं. बाळ छातीला लागलं की माझ्या घशाला कोरड पडायची. जीभ टाळ्याला चिकटायची. उठलं की गरगरायचं, आणि पाजता पाजता मलाच झोप लागून बाळ अर्धवट सुटायचं.

माझ्या खोलीच्या खिडकीतून मागचा गोठा दिसायचा. त्यात आमची एकुलती एक गावरान गाय, आणि ती त्याच आठवड्यात व्याली. म्हणजे आईच्या हाताखाली एका वेळी दोन बाळंतिणी आल्या. मी बाजेवर बसून पाजायची आणि समोर दुसरीचं बाळंतपण बघायची. आईनं वासराला आधी चीक पाजला, ते मनसोक्त पिऊन बाजूला झालं, तेव्हा कुठं उरलेला काढून खरवस केला. तो गल्लीभर वाटला गेला. मला नाही, जड असतो म्हणून. मग गाईला शिजवलेली बाजरी आणि गूळ, सरकीची पेंड, हिरवा घास. आणि पाणी. कोमट पाण्याची गच्च भरलेली बादली आई तिच्यासमोर ठेवायची, गाय त्यात तोंड घालायची आणि तळ दिसेपर्यंत वर काढायची नाही. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "पी माय, पी. पाणी नाय तर दूध कुठून येणार."

मी खिडकीत बसून हे ऐकायची, हातात अर्धी वाटी घेऊन.

बाळाला दाखवायला संभाजीनगरला नेलं तेव्हा वजन जेवढं भरायला हवं तेवढं भरलं नव्हतं. डॉक्टरबाई शांत होत्या. वरचं काही देऊ नका, म्हणाल्या, मागेल तेव्हा पाजा, दोन्ही बाजूंनी पाजा, आणि आईनं सगळं खायचं, तहान लागेल तेवढं पाणी प्यायचं. पुढच्या आठवड्यात वजन बघू, नाही वाढलं तर मग विचार करू. आई समोर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. घरी आल्यावर तिनं ओव्याचं पाणी उकळलं आणि मला अर्धी वाटी दिली.

मला भीती वाटली. खरंच वाटली. आयुष्यभर मी आईच्या दुधाचे गोडवे गात आले. त्यात बाळाला लागतं ते सगळं असतं, त्याच्या वाढीबरोबर ते बदलत जातं, त्याच्या पोटाला या दुधाइतकं सोसणारं दुसरं काही नाही, हे मी झोपेतही सांगू शकले असते. आणि माझीच लेक माझ्या कुशीत किरकिरत होती. तिच्या मांड्यांना अजून वळ्या पडल्या नव्हत्या. पुढच्या वजनाला काटा हलला नाही, तर तिचं अंगावरचं दूध सुटायला सुरुवात होणार, हे मला दिसत होतं. एकदा बाटली तोंडाला लागली की बाळ कमी ओढतं, आणि ओढलं नाही की दूधही कमी होत जातं. असं हळूहळू दूध तुटलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या होत्या.

दोन दिवसांनी सासूबाई बाळाला बघायला आल्या, आणि पिशवीतून त्यांनी बाळंतविड्याच्या झबल्या-टोपड्यांबरोबर पावडरच्या दुधाचा डबा काढला. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली, त्या काळात रजा पुरेशी मिळाली नाही, लेकाला डब्यावर वाढवला आणि तो चांगला उंचापुरा झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोराला उपाशी ठेवण्यापेक्षा डबा बरा. त्यांनी तो आईसमोर ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका विहीणबाई. अंगावरचं पुरत नसेल तर त्यात लाज कसली. काहींना नसतंच."

आईचा चेहरा पडला. मी तिला रागावलेली हजार वेळा पाहिली आहे, पण अशी कधीच नाही. ती चहा ठेवते म्हणाली, आणि स्वयंपाकघरात न जाता मागच्या दारानं गोठ्यात गेली.

खिडकीतून मला दिसलं, तिनं हौदातून बादली भरली आणि गाईपुढं नेऊन ठेवली.

तेव्हा माझा तोल गेला. मी बाळ सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मफलर, पायमोजे तसेच ठेवून बाहेर पडले. दवाखान्याखेरीज बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. मी दोन ओलांडले. आई म्हणाली, वारा लागेल, आत हो. मी म्हणाले, वारा लागू दे. तू मला पण इथंच बांध. या गाईच्या शेजारी दावं टाक, निदान दोन वेळा पोटभर पाणी तरी मिळेल. एवढं बोलून मी खाली बसले, गाईनं तोंड घालायच्या आधीच बादलीत दोन्ही हात घातले आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागले. हौदाचं गार पाणी होतं. छातीपर्यंत ओघळत होतं. मी थांबलेच नाही.

आई मला ओढून उठवेल असं वाटलं होतं. ती जागची हलली नाही. मी वर पाहिलं तर तिचा रंग उडाला होता.

"कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

मला कळेना. काय सांगितलं? कोणी?

ती माझ्याजवळ खाली बसली, शेणाकडंही न बघता. इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात माझ्यावरून एक जुनी थट्टा आहे. मी लहानपणी फार उड्या मारायची, झाडावर चढायची, तेव्हा सगळे म्हणायचे, ही शेळीच्या दुधावर वाढली ना, म्हणून अशी. शेजारच्यांकडे शेळ्या होत्या, त्यांच्या दुधावर मी वाढले, एवढं मला माहीत होतं. त्या थट्टेवर सगळे हसायचे, आई सोडून. ती उठून काहीतरी कामाला जायची. मला वाटायचं, तिला विनोद कळत नाहीत.

त्या दुपारी तिनं मला सांगितलं. तिची आई आधीच वारलेली, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण इथं, सासरीच झालं. ऐन वैशाखात. माझ्या आजीनं तिला पाणी तोडलं होतं, जसं आजीला तिच्या सासूनं तोडलं असणार. सगळे दुपारचे पडलेले असताना ती भिंत धरत गोठ्यात आली आणि गाईच्या बादलीतलं पाणी प्याली. आजीनं ते पाहिलं. पुढं मला जुलाब झाले, आणि आईचं दूध कमी होत होत आटलं.

"सगळे म्हनले, चोरून पाणी प्याली, दुधाचं पाणी केलं," आई म्हणाली. "तुला माझं दूध मिळालं नाय ते माझ्या त्या एका दिवसापायी. म्हनून तुझ्या बाळंतपनाला म्या जीव मुठीत धरून पथ्य सांभाळलं. तुझ्या लेकीला तरी पुरावं."

मी इतके दिवस जिला हटवादी समजत होते, ती घाबरलेली होती. माझ्या वयाइतकी जुनी भीती होती ती. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि मी रडलेही. पण त्याआधी मला काही प्रश्न विचारायचे होते, कारण रडणं नंतरही करता आलं असतं.

मी विचारलं, माझ्या वेळी चिकाचं काय केलं? टाकायला लावला, ती म्हणाली. तोवर मला कुठं ठेवलं होतं? आत्याजवळ. गुळाचं पाणी कापसानं चोखवत होते. मला तुझ्याजवळ कधी दिलं? तिसऱ्या दिवसानंतर, आणि तेही ठरल्या वेळीच.

"आई, वासरू लावल्याशिवाय ही गाय पान्हा सोडते का?"

ती गाईकडे बघत राहिली.

"वासराला तीन दिवस लांब बांधलं आणि गाईला तहानलेली ठेवली, तर दूध येईल का? आणि नाही आलं तर तू गाईला दोष देशील?"

मी तिला सांगितलं की माझे जुलाब त्या गुळाच्या पाण्याचे असतील, कापसाचे असतील, उन्हाचे असतील, पण तिच्या त्या बादलीचे नव्हते. बाळानं ओढलं की दूध येतं, आणि मला ओढूच दिलं नव्हतं. जे व्हायचं ते ती गोठ्यात यायच्या आधीच झालं होतं. तिनं मला परत एकदा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. शेवटी म्हणाली, "म्हंजी पाण्यानं नव्हतं." प्रश्नासारखं नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

मग ती उठली, पदरानं डोळे पुसले आणि गाईसाठी बादली पुन्हा भरली, कारण अर्धी मी संपवली होती.

आम्ही आत आलो तेव्हा सासूबाई बाळाला मांडीवर थोपटत होत्या. माझे शेणानं भरलेले पाय आणि भिजलेली छाती बघून त्या काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आईनं चहा केला. चहाबरोबर तिनं माझ्यासमोर पितळेचा मोठा तांब्या आणून ठेवला, काठोकाठ भरलेला, ओवा-बिवा काही न घालता. डब्याकडं बोट करून ती म्हणाली, "राहू द्या विहीणबाई. वजनाचा दिवस येऊ द्या, मग बघू." सासूबाईंनी डबा कपाटावर ठेवला. तो तिथंच राहिला.

त्या रात्रीच्या जेवणात तुरीचं वरण होतं. दुसऱ्या दिवशी वडील पिशवीभर संत्री उघडपणे घेऊन आले, आणि इतकी वर्षं बाजारात दराची घासाघीस करणारा माणूस चेहऱ्यावर एवढा विजय घेऊन घरी आलेला मी पाहिला नव्हता. पाणी प्यायलं की दूध धो धो वाहतं असं काही नसतं, हे मी वर्गातही बजावते. तहान भागली, पोट भरलं, गरगरणं थांबलं, आणि मी जागी राहून लेकीला ती मागेल तेव्हा, हवं तेवढं पाजू शकले. बाकीचं तिनं तिचं केलं. बाळ जरा कुरकुरलं की आई आता हातातलं पीठ तसंच ठेवून तिला माझ्याजवळ आणून द्यायची.

वजनाच्या दिवशी आई माझ्याबरोबर आत आली. दुपटं काढून लेकीला काट्यावर ठेवलं तेव्हा आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. डॉक्टरबाईंनी आकडा बघितला, मागचा कागद बघितला आणि हसल्या. छान वाढलंय, म्हणाल्या, वरच्या दुधाचं नाव काढू नका. काय बदल केला, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तिला पाणी दिलं."

परतताना गाडीत लेक माझ्या कुशीत पीत होती. आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. शहर मागं पडलं, दोन्हीकडं कपाशीची शेतं लागली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी म्या पाणी प्याले, ते बरंच केलं म्हनायचं."

"अर्धीच प्याली असशील," मी म्हणाले. "सगळी बादली प्यायला पाहिजे होती."

तिनं पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं आणि आधी माझ्यापुढं धरली. मी घोटभर प्याले आणि तिच्याकडं परत दिली. मग ती प्याली, सावकाश, पूर्ण संपेपर्यंत.